प्रकाश मद्यार्काचा रेणू कसा फोडतो

२८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून देशभर पाळला जातो. १९२८ साली याच दिवशी कलकत्ता येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना पुढे त्यांच्या नावाने विश्वविख्यात झालेला परिणाम आढळून आला. पारदर्शक द्रवावर प्रकाश पडला असता त्यातील अत्यल्प भाग आपला रंग किंचित बदलून विखुरतो, हे त्यांनी दाखवून दिले. रामन यांच्या प्रयोगात प्रकाश आणि रेणू यांचा संबंध सौम्य होता. प्रकाश रेणूला कंप देऊन पुढे निघून जाई आणि रेणू शाबूत राही. परंतु या दोघांची गाठ नेहमीच इतकी निरुपद्रवी नसते. कित्येकदा प्रकाशाच्या एकाच कणाने रेणूचे दोन तुकडे होतात. या क्रियेस प्रकाशविच्छेदन असे म्हणतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे.

उदाहरणासाठी येथे दोन साधे पदार्थ घेतले आहेत. एक मिथिल अल्कोहोल, म्हणजेच मिथेनॉल. आणि दुसरा एथिल अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल किंवा मद्यार्क. पहिला रंगकारखान्यांत आणि रसायन उद्योगात वापरला जाणारा विषारी द्रव होय. दुसरा दवाखान्यातील स्पिरिटपासून मद्यापर्यंत सर्वत्र आढळतो. हे दोन्ही रेणू इतके लहान आहेत की त्यांचा कोणता भाग कसा तुटतो, याचा माग शास्त्रज्ञांना थेट घेता आला. आणि जे आढळले ते सर्वसाधारण समजुतीच्या नेमके उलट होते. दुबळा दुवा आधी तुटतो हा व्यवहारातील नियम होय. प्रकाश मात्र या रेणूंतील सर्वांत मजबूत दुवा आधी तोडतो. असे का घडते, आणि त्याचा मानवी जीवनाशी काय संबंध आहे, हे क्रमाने पाहणे उद्बोधक ठरेल.

साधा रेणू, तीन प्रकारचे बंध

मिथिल अल्कोहोलच्या रेणूत केवळ सहा अणू असतात. मध्यभागी एक कार्बन असून त्याला तीन हायड्रोजन जोडलेले असतात. त्याच कार्बनला एक ऑक्सिजन जोडलेला असतो आणि त्या ऑक्सिजनला चौथा हायड्रोजन. म्हणजेच या रेणूत तीन प्रकारचे बंध आहेत : कार्बन आणि हायड्रोजन यांमधील, कार्बन आणि ऑक्सिजन यांमधील, व ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांमधील.

बंध तोडण्यास ऊर्जा खर्ची घालावी लागते. ही ऊर्जा एका मोलच्या हिशेबाने सांगण्याची पद्धत आहे. मिथिल अल्कोहोलचा एक मोल म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. एवढ्या अल्कोहोलातील सर्व रेणूंचा कार्बन-ऑक्सिजन बंध तोडावयाचा झाल्यास सुमारे ३८५ किलोज्यूल ऊर्जा लागते. एक लिटरहून थोडे अधिक पाणी चुलीवर उकळीपर्यंत तापविण्यास साधारण इतकीच ऊर्जा पुरते. कार्बन-हायड्रोजन बंधासाठी सुमारे ४०० किलोज्यूल, तर ऑक्सिजन-हायड्रोजन बंधासाठी सुमारे ४४० किलोज्यूल लागतात. या हिशेबाने कार्बन-ऑक्सिजन हा दुवा सर्वांत दुबळा, तर ऑक्सिजन-हायड्रोजन हा सर्वांत भक्कम होय.

मिथिल अल्कोहोलची वाफ अतिशय तापविली असता अपेक्षेप्रमाणेच घडते. उष्णतेमुळे सारा रेणू थरथरू लागतो. ही थरथर सर्व बंधांत खेळत राहते आणि अखेरीस प्रामुख्याने दुबळा कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो. बोरीचे झाड गदागदा हलविले की सैल देठाची, पिकलेली बोरे आधी खाली पडतात. उष्णतेचे कार्य तसेच आहे. प्रकाशाचे कार्य मात्र आकडी लावून नेमकी एक फांदी ओढण्यासारखे आहे. ती फांदी कोणती, हे बोराच्या पिकलेपणावर अवलंबून नसते. आकडी कोठे अडकली यावर ते ठरते.

शोषणाविना परिणाम नाही

प्रकाशाची आकडी अडकते म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी दोन जुन्या नियमांची ओळख करून घ्यावी लागेल. पहिला नियम १८१७ साली थिओडोर ग्रोटहुस यांनी मांडला आणि १८४० च्या सुमारास अमेरिकेतील जॉन विल्यम ड्रेपर यांनी स्वतंत्रपणे तोच पुन्हा शोधून काढला. पदार्थाने जो प्रकाश शोषला, त्याच प्रकाशामुळे रासायनिक बदल घडू शकतो, असे हा नियम सांगतो. जो प्रकाश आरपार निघून गेला तो कितीही प्रखर असला तरी व्यर्थ होय. दुसरा नियम विसाव्या शतकाच्या आरंभी योहानेस स्टार्क आणि आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी प्रस्थापित केला. प्रकाश हा ऊर्जेच्या सुट्या कणांनी बनलेला असून एक कण एका वेळी एकाच रेणूवर कार्य करतो, हे त्याचे सार. या कणास फोटॉन म्हणतात. प्रकाशाची तरंगलांबी जितकी आखूड, तितका त्याचा एकेक कण अधिक सामर्थ्यवान असतो.

तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजतात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली तर त्याच्या एक मोल कणांची ऊर्जा सुमारे २१७ किलोज्यूल भरते. अल्कोहोलचा कोणताही बंध तोडण्यास ती अपुरी आहे. ४०० नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीच्या प्रकाशास जंबुपार किंवा अतिनील किरण असे म्हणतात. त्यांचे कण अधिक शक्तिमान असतात. ३०० नॅनोमीटरच्या प्रकाशात हीच ऊर्जा सुमारे ३९९ किलोज्यूल होते. कागदावरील हिशेबाने एवढ्यात कार्बन-ऑक्सिजन बंध तुटावयास हरकत नव्हती. प्रत्यक्षात काहीच घडत नाही.

याहूनही बोलके उदाहरण घरातच सापडते. पाणी शुद्ध करण्याच्या अनेक यंत्रांत पाऱ्याच्या वाफेचा जंबुपार दिवा बसविलेला असतो. त्याचा मुख्य प्रकाश २५४ नॅनोमीटरचा असतो. जंतूंच्या शरीरातील आनुवंशिक द्रव्य हा प्रकाश उत्तम रीतीने शोषून घेते आणि म्हणून जंतू निष्प्रभ होतात. या प्रकाशाची ऊर्जा मोलमागे सुमारे ४७१ किलोज्यूल आहे. मिथिल अल्कोहोलमधील तिन्ही प्रकारच्या बंधांपैकी कोणताही तोडण्यास ती पुरेशी आहे. तरीही निव्वळ अल्कोहोलच्या वाफेवर हा प्रकाश तासन्‌तास पाडला तरी रेणू तुटत नाहीत. कारण अल्कोहोल तो प्रकाश शोषतच नाही. पुरेसे बळ हाती असले तरी आकडी अडकली नाही तर फांदी हलत नाही.

पाऱ्याचा हाच दिवा अत्यंत शुद्ध क्वार्ट्‌झच्या नळीत बसविला तर त्यातून १८५ नॅनोमीटरचाही प्रकाश बाहेर पडतो. आता मात्र चित्र पालटते. मिथिल अल्कोहोल सुमारे २०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश शोषू लागते. १८५ नॅनोमीटरच्या आसपास तर हे शोषण चांगलेच होते आणि रेणू फुटू लागतात. एकाच दिव्याचे दोन प्रकाश : एक निष्फळ, दुसरा परिणामकारक. या दोहोंतील फरक केवळ बळाचा नसून स्वीकाराचा आहे.

मजबूत बंध आधी का तुटतो

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. शोषलेला प्रकाश रेणूत नेमका कोठे जातो?

अल्कोहोलमधील ऑक्सिजनच्या अणूपाशी काही इलेक्ट्रॉन असे असतात की ते कोणत्याही बंधात गुंतलेले नसतात. हे मोकळे इलेक्ट्रॉनच प्रकाशाचा कण स्वीकारतात. कण मिळताच त्यांतील एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी घेतो. या नव्या अवस्थेचे वैशिष्ट्य असे की तीत ऑक्सिजन आणि त्याला जोडलेला हायड्रोजन एकमेकांना धरून ठेवण्याऐवजी दूर लोटू लागतात. जो बंध क्षणापूर्वी सर्वांत भक्कम होता, तोच आता उताराला लागतो. हायड्रोजन त्या उतारावरून वेगाने निसटतो. उर्वरित रेणूला थरथरावयास, ऊर्जा सर्वत्र वाटून घ्यावयास आणि दुबळा दुवा शोधावयास सवडच मिळत नाही. ही सारी घटना सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाच्या आत आटोपते.

याचाच अर्थ असा की बंधाची मजबुती ही कायमची मुद्रा नव्हे. ती रेणूच्या सामान्य स्थितीतील मजबुती असते. प्रकाशाने रेणूची स्थितीच बदलली की जुना हिशेब लागू पडत नाही.

बाहेर पडणाऱ्या हायड्रोजनचा वेगही लक्षात घेण्यासारखा आहे. प्रयोगशाळेत या कामासाठी पुष्कळदा आर्गॉन फ्लोराइड लेसर वापरतात. त्याचा प्रकाश १९३ नॅनोमीटरचा असतो. १९७० च्या दशकाच्या मध्यास उदयास आलेल्या या लेसरच्या प्रकाशाची ऊर्जा मोलमागे सुमारे ६२० किलोज्यूल असते. त्यांपैकी ४४० बंध तोडण्यात खर्ची पडतात. सुमारे १८० शिल्लक राहतात. या शिलकीचा मोठा वाटा हलका हायड्रोजन आपल्या गतीत घेऊन जातो. सेकंदाला दहा किलोमीटरहून अधिक वेगाने तो दूर फेकला जातो. मागे उरतो तो मिथॉक्सी नावाचा, एक हात रिकामा असलेला आणि म्हणूनच दुसऱ्याशी जुळावयास उत्सुक असा तुकडा. अशा तुकड्यांना मुक्त मूलक म्हणतात.

खूण केलेला हायड्रोजन

मिथिल अल्कोहोलमध्ये चार हायड्रोजन आहेत. तुटलेला हायड्रोजन ऑक्सिजनपाशी होता, कार्बनपाशी नव्हता, हे कशावरून ठरले? शास्त्रज्ञांनी यासाठी हायड्रोजनला खूण करण्याची साधी पण निर्णायक युक्ती वापरली. निसर्गात हायड्रोजनचा दुप्पट वजनाचा एक भाऊ आढळतो. त्याचे नाव ड्यूटेरियम. प्रयोगकर्त्यांनी केवळ ऑक्सिजनपाशी ड्यूटेरियम असलेले मिथिल अल्कोहोल तयार केले. प्रकाश पाडल्यावर बाहेर आला तो प्रामुख्याने जड हायड्रोजन. मग कार्बनपाशी ड्यूटेरियम आणि ऑक्सिजनपाशी साधा हायड्रोजन अशी उलट मांडणी केली, तेव्हा साधा हायड्रोजन बाहेर आला. पुरावा निर्विवाद झाला.

१९८९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील रिचर्ड बेरसोन आणि त्यांचे सहकारी यांनी मिथिल व एथिल अल्कोहोल दोन वेगवेगळ्या मार्गांनी फोडून त्यांची तुलना केली. एक मार्ग प्रकाशाचा, दुसरा रासायनिक क्रियेचा. अतिशय उत्तेजित ऑक्सिजनचा अणू मिथेनच्या रेणूत शिरला की क्षणभर मिथिल अल्कोहोलच तयार होते; पण ते इतके ऊर्जेने भरलेले असते की लगेच फुटते. या मार्गाने फुटणारा रेणू मुख्यत्वे कार्बन-ऑक्सिजन बंधापाशी दुभंगतो. म्हणजे तोच रेणू, साधारण तशीच विपुल ऊर्जा, पण ऊर्जा आत येण्याची वाट निराळी. म्हणून तुकडेही निराळे.

एथिल अल्कोहोलचे वर्तन याच धर्तीचे आहे. त्यात दोन कार्बन असल्यामुळे कार्बन-कार्बन असा आणखी एक बंध येतो. तो सुमारे ३६४ किलोज्यूलचा, म्हणजे सर्वांत दुबळा होय. तथापि १९३ नॅनोमीटरचा प्रकाश त्याला सोडून ऑक्सिजनपाशी असलेला हायड्रोजनच प्रामुख्याने उडवितो. याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश वापरला तर रेणू आणखी वरच्या अवस्थांत जातो, तेथे इतर वाटा उघडतात आणि कार्बन-ऑक्सिजन बंध तुटण्यासही वाव मिळतो. प्रत्येक तरंगलांबी जणू वेगळी किल्ली आहे आणि ती वेगळे दार उघडते.

हवेचे कवच

सूर्याच्या प्रकाशात २०० नॅनोमीटरच्या खालचे किरण असतातच. मग पृथ्वीवर उन्हात ठेवलेले अल्कोहोल का फुटत नाही? याचे श्रेय डोक्यावरील हवेला आहे. सुमारे २०० नॅनोमीटरहून आखूड असलेले किरण हवेतील ऑक्सिजनच वरच्या वर शोषून घेतो. त्याहून लांब, सुमारे २९० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविण्याचे काम प्रामुख्याने ओझोनचा थर करतो. परिणामी जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात अल्कोहोलला शोषता येईल असा प्रकाश उरतच नाही.

या कवचाबाहेर काय होते, हे धूमकेतू दाखवून देतात. धूमकेतूंच्या बर्फात मिथिल अल्कोहोल असते आणि काहींत एथिल अल्कोहोलही. लव्हजॉय नावाच्या धूमकेतूतून एथिल अल्कोहोल बाहेर पडत असल्याचे निरीक्षण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याच्या बर्फाची वाफ होऊन ती अवकाशात पसरते. सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर अवकाशात उघड्या पडलेल्या मिथिल अल्कोहोलच्या रेणूचे आयुष्य साधारण एका दिवसाचे असते. तेच अल्कोहोल पृथ्वीवर बाटलीत बंद असले तर वर्षानुवर्षे टिकते. सूर्य तोच, अंतर तेच. मध्ये हवेचे आवरण आहे एवढाच भेद.

पृथ्वीवरील प्रकाश अल्कोहोलच्या वाटेस मुळीच जात नाही, असे मात्र समजू नये. तो मध्यस्थामार्फत आपले कार्य साधतो. मिथिल अल्कोहोल हे मिथेन वगळता हवेत सर्वाधिक प्रमाणात आढळणाऱ्या सेंद्रिय वायूंपैकी एक असून वाढती झाडेझुडपे ते सतत हवेत सोडत असतात. ऊन हवेतील ओझोनचा रेणू फोडते. त्यातून सुटलेला उत्तेजित ऑक्सिजन पाण्याच्या वाफेशी संयोग पावून हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत क्रियाशील मूलक निर्माण करतो. हे मूलक मिथिल अल्कोहोलवर धाड घालते आणि बहुतेक वेळा कार्बनपाशी असलेला हायड्रोजन हिरावून नेते. म्हणजे थेट प्रकाशाने जो हायड्रोजन गेला असता, तो येथे बव्हंशी जागेवर राहतो. मग हवेतील ऑक्सिजनशी क्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड तयार होते. या रीतीने हवेतील मिथिल अल्कोहोल काही दिवसांत, फार तर एकदोन आठवड्यांत नाहीसे होते. कारखान्यांच्या सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये जंबुपार प्रकाश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या साह्याने नष्ट करण्याची जी पद्धत आहे, तीही याच मध्यस्थावर आधारलेली आहे.

उन्हाने विष उतरत नाही

या विवेचनातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो आणि तो जीवनमरणाशी निगडित आहे. मिथिल अल्कोहोल रंगाने, वासाने आणि पातळपणाने एथिल अल्कोहोलसारखेच भासते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथिल अल्कोहोल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत हातावर पोट असलेले अनेक जण होते. घरचा कर्ता माणूस गेल्यावर त्या कुटुंबांवर काय ओढवले असेल, हे निराळे सांगावयास नको.

मिथिल अल्कोहोलचा रेणू शरीरातही फुटतो. पण तेथे त्याला फोडणारा प्रकाश नसतो. यकृतातील विकरे त्याचे आधी फॉर्माल्डिहाइडमध्ये आणि मग फॉर्मिक आम्लात रूपांतर करतात. हे आम्ल रक्तात साठत जाते आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर आघात करते. म्हणूनच अंधुक दिसणे हे या विषबाधेचे ठळक लक्षण आहे. पुष्कळदा ही लक्षणे प्यायल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसू लागतात. त्यामुळे सुरुवातीस बरे वाटते यावर विसंबणे घातक ठरते.

बाटली उन्हात ठेवल्याने हे विष उतरत नाही. कारण जमिनीवरच्या उन्हातील प्रकाश मिथिल अल्कोहोल शोषतच नाही, हे वर स्पष्ट झालेच आहे. शिवाय काच आखूड जंबुपार किरण अडविते. पाणी शुद्ध करण्याच्या दिव्यानेही काही साधणार नाही. उलट मिथिल अल्कोहोल अत्यंत ज्वालाग्राही असल्याने ते उन्हात ठेवणे आगीस निमंत्रण होय. गाळून, वास घेऊन किंवा चव पाहून ते ओळखता येत नाही. शंका येताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे हाच एकमेव मार्ग आहे. तेथे यकृतातील विकराला रोखणारी औषधे देता येतात आणि आवश्यक तर रक्तशुद्धीही करता येते. वेळेवर उपचार झाले तर प्राण आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात.

काळोख्या मेघातील प्रकाश

अल्कोहोलच्या रेणूंची कहाणी पृथ्वीवर संपत नाही. १९७० साली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांना आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने येणाऱ्या रेडिओलहरींत मिथिल अल्कोहोलची खूण सापडली. १९७५ मध्ये धनू राशीच्या दिशेस असलेल्या एका विशाल मेघात एथिल अल्कोहोलही आढळले. ताऱ्यांमधील अवकाशात वायू आणि धूळ यांचे असे प्रचंड मेघ आहेत. त्यांच्या अंतर्भागात तापमान शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअस इतके उतरते. तेथे धुळीच्या कणांवर कार्बन मोनॉक्साइड गोठून बसते. त्याला एकामागून एक चार हायड्रोजन चिकटले की मिथिल अल्कोहोलचे बर्फ तयार होते.

या मेघांबाबत एक मोठा पेच होता. त्यांच्या आत बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश शिरत नाही. धूळ तो अडविते. मग आतील रेणू फोडणारा जंबुपार प्रकाश आला कोठून? या प्रश्नाचे उत्तर १९८३ साली दोन भारतीय शास्त्रज्ञांनी दिले : एस. एस. प्रसाद आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. पी. ताराफदार. त्यांचे म्हणणे असे की प्रकाश बाहेरून आत येत नसून आतच निर्माण होतो. विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने धावणारे कण, दाट मेघातही खोलवर शिरतात. ते हायड्रोजनच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन उडवितात. हे सुटे इलेक्ट्रॉन इतर हायड्रोजन रेणूंवर आदळून त्यांना उत्तेजित करतात. आणि ते रेणू पूर्वस्थितीवर येताना जंबुपार प्रकाश बाहेर टाकतात. हा प्रकाश अतिशय मंद असतो. पण मेघाचे आयुष्य लक्षावधी वर्षांचे असल्याने तेवढाही पुरतो. पुढील संशोधनाने या कल्पनेस बळकटी दिली आणि आज जगभरातील अभ्यासक ही क्रिया प्रसाद-ताराफदार या नावाने ओळखतात.

तुकड्यांतून नवी निर्मिती

काळोख्या मेघातील बर्फावर असा प्रकाश पडला म्हणजे अल्कोहोलचे रेणू तेथेही फुटतात. पण एक महत्त्वाचा भेद पडतो. मोकळ्या वाफेत फुटलेले तुकडे दूर निघून जातात. बर्फात त्यांना शेजाऱ्यांनी चहूबाजूंनी वेढलेले असते. शिवाय शेजारच्या रेणूंमुळे फुटण्याची वाटही पालटते. हॉलंडमधील लायडन येथे झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मिथिल अल्कोहोलच्या बर्फावर जंबुपार प्रकाश सोडण्यात आला. तेथे ऑक्सिजनपाशी असलेल्या हायड्रोजनऐवजी कार्बनपाशी असलेला हायड्रोजन गमावलेले तुकडे अधिक आढळले. परिस्थिती बदलली की तोच रेणू वेगळा वागतो, याचा हा आणखी एक दाखला होय.

तुकडे जवळजवळच अडकून राहिल्याने ते परस्परांशी जुळतात. दोन तुकडे मिळून एथिलीन ग्लायकोल बनते. दुसऱ्या जोडणीतून एथिल अल्कोहोल, तिसरीतून अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि चौथीतून ग्लायकोलाल्डिहाइड हे शर्करेचे धाकटे भावंड शोभावे असे संयुग तयार होते. एका कार्बनच्या रेणूपासून दोन कार्बनचे रेणू निर्माण झाले. रेणू मोडणारा प्रकाशच अधिक गुंतागुंतीच्या रेणूंचा निर्माताही ठरला. सूर्यमाला अशाच एका मेघातून जन्मली. म्हणूनच पृथ्वीवर जीवसृष्टी अवतरण्यापूर्वी तिला लागणारी काही कच्ची सामग्री आकाशात सिद्ध झाली असावी काय, या प्रश्नाचा गांभीर्याने विचार होत आहे.

या शोधात महाराष्ट्राच्या भूमीचाही वाटा आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी ती बनलेली आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या दुर्बिणीने १०६५ मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेवर आकाशगंगेच्या केंद्राभोवती अ‍ॅसिटाल्डिहाइड फार विस्तृत प्रदेशात पसरले असल्याचे दाखविले. प्रयोगशाळेतील अल्कोहोलच्या बर्फावर प्रकाश पडून जे संयुग तयार होते, त्याची साद द्राक्षबागा आणि उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या खोडदच्या माळावर ऐकू आली.

अभ्यासकांपुढील कार्य

श्रोतेहो, प्रकाश आणि रेणू यांच्या संबंधाचा विचार करताना तीन प्रश्न नेहमी विचारावेत. प्रकाश कोणत्या तरंगलांबीचा आहे? पदार्थ तो शोषतो काय? आणि शोषलेली ऊर्जा रेणूच्या कोणत्या भागात जाते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून उरलेल्या दोहोंकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. बाजारात जंबुपार किरणांच्या नावाने अनेक उपकरणांची जाहिरात होते. त्यांपैकी प्रत्येकाला हेच तीन प्रश्न लावून पाहिले तर दाव्यातील तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे सामान्य नागरिकासही पारखता येईल. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. ते कर्तव्य अशाच लहानलहान प्रश्नांतून पार पडते.

शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी या विषयाकडे आवर्जून वळावे. प्रकाशरसायनशास्त्रात भौतिकी, रसायन आणि खगोल या तिन्ही शास्त्रांचा संगम होतो. अल्कोहोलचा वायुरूप रेणू कसा फुटतो हे बऱ्याच अंशी उलगडले असले, तरी बर्फात तोच रेणू नेमक्या कोणत्या प्रमाणात कोणत्या वाटेने तुटतो, याविषयी संशोधकांत अद्याप एकमत झालेले नाही. येथे नव्या पिढीला भरपूर काम आहे. खोडद येथे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरविण्याची प्रथा आहे. आसपासच्या तालुक्यांतील शेकडो मुले स्वतः बनविलेली उपकरणे घेऊन तेथे येतात आणि दुर्बिणीच्या तबकड्या जवळून पाहतात. शिक्षकांनी आपल्या शाळेतील मुलांना तेथे अवश्य न्यावे. ताराफदारांनी ज्या काळोख्या मेघांतील प्रकाशाचा माग काढला, त्या मेघांकडून येणाऱ्या लहरी टिपणारे साधन मुलांना तेथे प्रत्यक्ष पाहता येईल.